'ईदर ऑर सर्व्हायव्हर': बँकेच्या फॉर्मवरची एक ओळ आणि हिंदू कोड बिल

एप्रिल महिना आला की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पोस्ट फिरू लागते. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली, असं तिच्यात लिहिलेलं असतं. नोटेचं चित्र, कोट घातलेले बाबासाहेब आणि खाली 'हे शाळेत शिकवत नाहीत'. भावना समजते, पण इतिहास जरा नीट सांगायला हवा. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला. १९२५ साली त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. रिझर्व्ह बँकेचा कायदा १९३४ साली झाला आणि १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली. चलनाच्या चर्चेत त्यांचं स्थान मोठं आहे, ते कोणी नाकारू शकत नाही. पण 'बाबासाहेब आणि बँक' म्हटल्यावर आपण रिझर्व्ह बँकेच्या दारातच थांबतो, आणि त्यांनी ज्यासाठी मंत्रिपद सोडलं ते काम आपल्या गल्लीतल्या बँकेच्या काउंटरवर रोज दिसतं, तिकडे आपलं लक्ष जात नाही. मला ते दिसलं ते माझ्या मावशीमुळे.

मावशी चार घरची धुणीभांडी करते. काका एका कारखान्यात होते. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी दोघांनी जॉइंट खातं उघडलं. मावशीची कमाई रोखीत येई, ती काकांच्या हातात देई, काका खात्यात भरत. भिशी लागली तेव्हाचे पैसेही त्याच खात्यात गेले. पासबुकावर दोघांची नावं होती आणि मावशीला त्याचा अभिमान होता. "आमचं दोघांचं खातं आहे," असं ती आम्हाला सांगायची.

मग काकांना पक्षाघात झाला. दवाखान्यात आधी रक्कम भरा म्हणाले. मावशी पासबुक घेऊन बँकेत गेली, मी सोबत होतो. काउंटरवरच्या माणसाने संगणकात पाहिलं आणि म्हणाला, तुम्हाला काढता येणार नाहीत, खातं 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' आहे. मावशीने विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, पहिलं नाव ज्यांचं आहे ते हयात असेपर्यंत फक्त तेच पैसे काढणार, त्यांच्या पश्चात तुम्ही.

मावशी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हे मेले तरच माझे पैसे माझे?"

तो माणूस वाईट नव्हता. नियम सांगत होता. बारा-तेरा वर्षांपूर्वी फॉर्मवर कोणीतरी एका चौकटीत खूण केली होती. मावशीला ती वाचून दाखवलेली नव्हती, आणि काकांनाही तिचा अर्थ ठाऊक नसावा. आम्ही पैसे इकडून तिकडून उसने जमवले. पण तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. नवरा मेल्यावरच बाईचा हक्क, आणि तोही खरा हक्क की नुसती सोय? हा प्रश्न बँकेच्या फॉर्मइतकाच जुना असेल असं मला वाटलं होतं. शोधायला लागलो तेव्हा कळलं, तो फॉर्मपेक्षा कितीतरी जुना आहे.

आधी फॉर्मबद्दल. जॉइंट खात्यावर 'मोड ऑफ ऑपरेशन' म्हणून एक ओळ असते. 'जॉइंटली' म्हणजे दोघांच्या सह्या लागणार. 'ईदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कोणीही एकाने सही करावी, आणि एक गेला तर मागे राहील त्याला पैसे मिळावेत. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे मावशीचं झालं ते. या तिन्हींत महत्त्वाचा शब्द आहे सर्व्हायव्हर, मागे हयात राहिलेला. कायद्याच्या भाषेत उत्तरजीवी.

हा शब्द बँकेने आणण्याच्या आधीपासून आपल्याकडे होता. मिताक्षरा पद्धतीच्या हिंदू एकत्र कुटुंबात मालमत्ता सहदायकांची असे. सहदायक म्हणजे जन्माने हक्क मिळालेले पुरुष: बाप, मुलगा, नातू, पणतू. त्यांच्यातला एक मेला की त्याचा हिस्सा वारसाने बायकोकडे किंवा मुलीकडे जात नसे, मागे उरलेल्या पुरुषांत मिसळून जात असे. त्यालाच उत्तरजीविता म्हणत, इंग्रजीत सर्व्हायव्हरशिप. म्हणजे या व्यवस्थेत मागे राहणारा पुरुषच असायचा. बाई जिवंत असली तरी कायद्याच्या हिशेबात ती 'मागे राहिलेली' नव्हती. तिला पोटापुरतं मिळण्याचा हक्क होता, तोही कुटुंबाच्या मर्जीने आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवून. मुंबई इलाख्यात 'व्यवहारमयूख' मानला जात असल्याने काही बाबतीत बाईची स्थिती इतर प्रांतांपेक्षा जरा बरी होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत ती सहदायक नव्हती.

याच्याही मागे मनुस्मृती आहे. आठव्या अध्यायात ४१६ वा श्लोक आहे. बायको, मुलगा आणि दास या तिघांना स्वतःचं धन नसतं, ते जे कमावतील ते ज्याचे ते असतात त्याचं, असा त्याचा आशय. आणि लगेच पुढचा, ४१७ वा श्लोक सांगतो की ब्राह्मणाने शूद्र दासाचं धन निःशंकपणे घ्यावं, कारण त्याचं स्वतःचं असं काही नसतंच. हे दोन श्लोक शेजारी-शेजारी आहेत. आपल्यातले काही मित्र म्हणतात की मालमत्तेचा हक्क हा सवर्ण बायकांचा प्रश्न होता, आपल्या माणसांकडे मालमत्ता होतीच कुठे. त्यांना मी हे दोन श्लोक लागोपाठ वाचायला सांगतो. बाईला आणि शूद्राला निर्धन ठेवण्याचा नियम एकाच ठिकाणी, एकाच युक्तिवादाने सांगितलेला आहे: तू कोणाचा तरी आहेस, म्हणून तुझी कमाई तुझी नाही. आमच्या मावशीसारखी बाई तर या दोन्ही श्लोकांखाली येते.

इंग्रजांच्या राज्यात हे बदललं असेल असं वाटतं. एका बाजूने तसं दिसतंही. १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. लग्न झालेल्या बाईने नोकरीत, धंद्यात, कलेतून जे कमावलं ते तिचं स्वतंत्र धन, असं त्यात स्पष्ट लिहिलं. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात म्हटलं की लग्नाच्या वेळी जी स्त्री हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख किंवा जैन असेल तिला हे लागू नाही. म्हणजे देशातल्या बहुतेक सगळ्या बायका बाहेर. धर्मशास्त्रात हात घालायचा नाही, हे सरकारचं धोरण होतं. विमा पॉलिसीपुरता एक भाग १९२३ च्या दुरुस्तीने हिंदूंनाही लागू झाला. नवऱ्याने बायकोच्या फायद्यासाठी स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरवला तर ते पैसे तिच्यासाठी ट्रस्टसारखे राखले जाऊ लागले. नवऱ्याच्या मरणाचे पैसे बाईला मिळू शकत होते, पण स्वतःच्या कष्टाच्या कमाईबद्दल कायद्याने तिला असा शब्द दिला नव्हता.

आता जॉइंट खात्याकडे येऊ. १९२८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या आपल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, 'गुरण दित्ता विरुद्ध राम दित्ता' हा खटला निकाली काढला. प्रश्न सरळ होता. एका हिंदू माणसाने स्वतःच्या आणि बायकोच्या जोड नावाने बँकेत ठेव ठेवली होती. अट होती 'ईदर ऑर सर्व्हायव्हर'. तो माणूस वारला. तर मग पैसे बायकोचे झाले का?

प्रिव्ही कौन्सिल म्हणालं, नाही. बायकोचं नाव घातलं म्हणजे नवऱ्याने तिला दान दिलं असं भारतात धरता येणार नाही. उलट पुरावा नसेल तर पैसे नवऱ्याचेच राहिले असं मानायचं, आणि त्याच्यानंतर ते त्याच्या वारसांकडे जाणार. इंग्लंडमध्ये तेव्हा उलट होतं. तिथे नवऱ्याने बायकोच्या नावे पैसे ठेवले तर कोर्ट आधी दानच धरून चाले. भारताला तो नियम लावायचा नाही, कारण इथे बेनामी व्यवहार सर्रास होतात, दुसऱ्याचं नाव घालून मालकी स्वतःकडे ठेवायची इथली रीत आहे, ही विचारसरणी १८५४ च्या 'गोपीक्रिस्ट गोसाईं' या बाप-मुलाच्या खटल्यापासून चालत आली होती.

इंग्लंडचा नियम समतेचा होता असं कोणी समजू नये. तिथे नवऱ्याकडून बायकोला दान धरलं जाई ते ती अबला, तिला पोसणं नवऱ्याचं कर्तव्य, म्हणून. बायकोने नवऱ्याच्या नावे पैसे ठेवले तर तसं धरलं जात नसे. पण निदान दारिद्र्यात विधवेच्या हातात काहीतरी पडे. आपल्याकडे कोर्टाने आपली रीत मान्य केली आणि पासबुकावरच्या बाईच्या नावाची किंमत शून्यावर आणून ठेवली. खटल्याच्या नावातही पुरुष आहे आणि विरुद्ध बाजूलाही पुरुष. जिच्या नावावरून सगळा वाद, ती शीर्षकातसुद्धा नाही.

१९२८ हे साल लक्षात घ्या. त्याच्या आदल्या डिसेंबरात, २५ डिसेंबर १९२७ ला, महाडला मनुस्मृती जाळली होती. आणि १९२८ च्याच जुलैमध्ये, २८ तारखेला, मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या बिलावर बाबासाहेब बोलत होते. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या काळात पगार मिळावा, त्याचा भार काही अंशी तरी मालकाने उचलावा, ही त्यांची भूमिका. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. लंडनचं कोर्ट विधवेच्या ठेवीकडे नवऱ्याच्या वारसांचा माल म्हणून बघत होतं आणि इथे परळ-लालबागच्या कामगार बाईच्या हातात तिच्या स्वतःच्या हक्काचे पैसे पडावेत म्हणून एक माणूस भांडत होता. तो चवदार तळ्यावरचा माणूस आणि हा बाळंतपणाच्या पगारासाठी बोलणारा माणूस वेगळा नव्हता. आपण मात्र भाषणात तळं घेतो आणि पगार विसरतो.

१९३७ साली डॉ. गोपाळराव देशमुखांच्या प्रयत्नाने हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मुलाइतका हिस्सा मिळाला. पण तो 'मर्यादित' हक्क होता. ती जगेपर्यंत वापरायचं, पण मनाप्रमाणे विकायचं नाही, कोणाला द्यायचं नाही, आणि ती मेली की परत नवऱ्याकडच्या वारसांकडे. शिवाय शेतजमिनीला तो लागू नाही, असं फेडरल कोर्टाने १९४१ साली सांगितलं. शेतीच्या देशात शेत सोडून हक्क. मुलीचा तर त्यात उल्लेखही नव्हता.

मग हिंदू कोड बिल. बी. एन. राव समितीने त्याचा पाया घातला होता, बाबासाहेबांनी कायदामंत्री म्हणून ते नव्याने बांधलं आणि ९ एप्रिल १९४८ ला ते प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव मांडला. या बिलावर आपण बोलतो तेव्हा घटस्फोट आणि एकपत्नीत्व इथेच बोलणं संपतं. मला त्यातल्या पैशाच्या तीन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट उत्तरजीवितेची. बिलाने मिताक्षरेतला जन्माचा हक्क आणि पुरुषांची उत्तरजीविता काढून टाकायचं ठरवलं. एकत्र कुटुंबातल्या प्रत्येकाचा हिस्सा त्याचा त्याचा, आणि तो मेल्यावर वारसाने जाणार. वारसांत विधवा आणि मुलगी दोघी. म्हणजे 'मागे राहिलेल्यांत' पहिल्यांदा बाई मोजली जाणार होती.

दुसरी, विधवेची मर्यादित मालकी संपवून पूर्ण मालकी. तिच्याकडे आलेलं तिचंच. तिने विकावं, द्यावं, मृत्युपत्र करावं. बाईला मालमत्ता सांभाळण्याची अक्कल नसते, हे विरोधकांचं म्हणणं बाबासाहेबांनी सभागृहात खोडून काढलं.

तिसरी फारशी कोणी सांगत नाही. हुंडा म्हणून जे दिलं जाईल ते मुलीचं विश्वस्त धन मानायचं, नवऱ्याने किंवा सासरच्यांनी ते तिच्यासाठी सांभाळायचं आणि ती अठरा वर्षांची झाल्यावर तिच्या स्वाधीन करायचं, अशी तरतूद बिलात होती. हुंडा द्यावा असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पण दिला जातोच आहे तर निदान तो सासऱ्याच्या तिजोरीत गडप होऊ नये. 'विश्वस्त' हा शब्द इथे फार मोलाचा आहे. १९२८ साली प्रिव्ही कौन्सिलनेही ट्रस्टचं तत्त्व वापरलं होतं, पण बायको नवऱ्यासाठी नाव धरून बसलेली, अशा अर्थाने. बाबासाहेबांनी तेच तत्त्व घेतलं आणि फिरवलं. आता सासरचे लोक बाईसाठी धन धरून बसणार होते.

विरोध किती झाला ते तुम्हाला माहीत आहे. करपात्री महाराजांपासून सभागृहातल्या मोठमोठ्या पुढाऱ्यांपर्यंत. तीन-साडेतीन वर्षं बिल रखडवलं. शेवटी चार कलमं मंजूर झाल्यावर ते गुंडाळून ठेवलं गेलं आणि २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणं अनेक होती: परराष्ट्र धोरण, अनुसूचित जातींकडे झालेलं दुर्लक्ष, नियोजनाचं खातं न मिळणं. पण हिंदू कोड बिलाबद्दल त्यांनी लिहिलं ते फार कडक आहे. स्त्री-पुरुषांतली विषमता तशीच ठेवून आर्थिक कायदे करत सुटणं म्हणजे उकिरड्यावर राजवाडा बांधणं, असा त्याचा मतितार्थ. रिझर्व्ह बँकेची पोस्ट टाकणाऱ्या मित्रांनी हे वाक्य मुळातून वाचावं.

पुढे ते बिल तुकड्यातुकड्याने आलं. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. त्याच्या चौदाव्या कलमाने बाईला पूर्ण मालक केलं. विधवा, मुलगी, आई आणि मुलगा पहिल्या वर्गाचे वारस झाले. पण पुरुषांचं सहदायकत्व त्यांनी सहाव्या कलमात राखूनच ठेवलं. बाबासाहेबांना जे मुळातून काढायचं होतं ते छाटून परत लावलं. ते जायला २००५ साल उजाडावं लागलं. त्या दुरुस्तीने मुलगी जन्माने सहदायक झाली आणि एकत्र कुटुंबातला हिस्सा उत्तरजीवितेने नाही तर वारसाने जाईल, असं स्पष्ट लिहिलं गेलं. बाप २००५ च्या आधी वारला असला तरी मुलीला हा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला 'विनीता शर्मा' खटल्यात ठरवलं. बिल मांडल्यापासून मोजा, सत्तावन्न वर्षं नुसता तो शब्द पुसायला लागली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. आपण बौद्ध आहोत, मग हिंदू वारसा कायदा आपला कसा? कायद्याच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे तो बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. नागपूरची धम्मदीक्षा त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, कायदा लागू झाल्यावर चार महिन्यांनी झाली. स्वतंत्र बौद्ध कायद्याची मागणी आपण जरूर करावी. पण आज आपल्या घरातल्या विधवेचा, मुलीचा हक्क याच कायद्यात आहे, आणि 'आम्ही हिंदू नाही' म्हणून बहिणीला वाटा नाकारणारे काही भाऊ मी पाहिले आहेत. त्यांच्या धर्मांतराबद्दल काय बोलावं!

बँकेच्या खात्यापुरता जुना निकाल मात्र अजून जिवंत आहे. १९७१ साली 'इंद्रनारायण विरुद्ध रूपनारायण' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बाप-मुलाच्या जोड नावाच्या ठेवीबद्दल तीच वाट धरली. नाव घातलं, सर्व्हायव्हर लिहिलं, तेवढ्याने दान होत नाही. १९८८ च्या बेनामी कायद्यात मात्र वेगळा सूर लागला. बायकोच्या किंवा अविवाहित मुलीच्या नावे मालमत्ता खरेदी केली तर उलट सिद्ध होईपर्यंत ती तिच्याच फायद्यासाठी घेतली असं धरावं, असं त्यात होतं. इंग्रजी कोर्टाने साठ वर्षांपूर्वी जे भारतीय बाईला नाकारलं होतं त्यातलं थोडंसं तेव्हा परत आलं, तेही खरेदीपुरतं.

मग आज जॉइंट खात्यात बाईचं नेमकं काय असतं? नवरा गेला आणि खातं 'ईदर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर बँक तिला पैसे देते आणि मोकळी होते. तेवढं पक्कं. पण ते पैसे नवऱ्याचे होते असं ठरलं आणि मृत्युपत्र नसलं तर मुलगा, मुलगी, सासू हिस्सा मागू शकतात. नॉमिनीचंही तसंच. नॉमिनी पैसे घेतो, मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली 'रामचंदर तलवार' खटल्यात बँक खात्याबद्दल सांगितलेलं आहे. नॉमिनी आता चारपर्यंत देता येतात, पण त्याने मालकीचा प्रश्न सुटत नाही. आणि यातली सगळ्यात मोठी अडचण पुराव्याची. मावशीने भरलेले पैसे मावशीचे होते हे कशावरून? पासबुकात नुसतं 'रोख' लिहिलेलं. भरणा स्लिपेवर काकांची सही. कोर्टात गेली असती तर बारा वर्षांची धुणीभांडी कागदावर कुठेच नव्हती.

म्हणून मला वाटतं, जॉइंट खातं हे बाईच्या स्वतःच्या खात्याच्या जागी येऊ नये, त्याच्या जोडीला यावं. मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी बाईच्या स्वतःच्या खात्यात थेट जमा करून आणि खातं कसं वापरायचं हे शिकवून एक मोठा अभ्यास झाला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना दोन्ही मिळालं त्या बायकांनी पुढे अधिक काम केलं, घराबाहेरही. जनधनची खाती २०१४ पासून निघाली, त्यात निम्म्याहून अधिक बायकांची. पण एटीएम कार्ड आणि पिन कोणाच्या खिशात, हे आपल्या वस्तीत एकदा विचारून बघा.

आपल्या बायकांनी जॉइंट खात्याचा दुसरा प्रकारही चालवून दाखवला आहे. १९९२ साली नाबार्डने पाचशे बचत गटांचा प्रयोग सुरू केला. नोंदणी नसलेल्या गटाला स्वतःच्या नावाने बचत खातं उघडायची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली. पदाधिकाऱ्यांपैकी दोघींच्या सह्यांशिवाय पैसे निघत नाहीत, ठराव वहीत लिहावा लागतो, हिशेब सगळ्यांसमोर वाचावा लागतो. कितीतरी बायकांनी आयुष्यातली पहिली सही बचत गटाच्या चेकवर केली. इथे 'फॉर्मर' कोणी नाही. कोण मेल्यावर कोणाचं, असा प्रश्नही नाही. आणि एक सांगू? आपल्या किती जयंती मंडळांची वर्गणी अजून एकाच माणसाच्या गूगल पेवर जमा होते. बचत गटातल्या बायका आपल्यापेक्षा पुढे आहेत.

२० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो बायकांना सांगितलं होतं की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभं राहावं, त्याची दासी होऊ नये. कार्यकर्त्यांच्या लग्नात बाविस प्रतिज्ञा होतात, हार नाकारून पुस्तकं वाटली जातात. त्यानंतर आठवड्याभरात नवं जोडपं बँकेत जातं, आणि पहिलं नाव कोणाचं हे काउंटरवरचा माणूस न विचारताच लिहितो. माझ्या ओळखीच्या एका मुलीने, जी शिक्षिका आहे आणि नवऱ्यापेक्षा जास्त कमावते, तिने फॉर्म परत घेतला आणि विचारलं, दोन्ही नावं तीच ठेवून पद्धत बदलता येते का? येते. दोघांच्या सह्यांनी अर्ज द्यावा लागतो, बस.

काका त्या आजारातून वाचले. उजवा हात अजून नीट चालत नाही, पण डाव्या हाताने सही करायला शिकले. तीन महिन्यांनी मी दोघांना रिक्षाने बँकेत नेलं. अर्जावर 'ईदर ऑर सर्व्हायव्हर' लिहून दोघांनी सह्या केल्या. मग मावशीने दुसरा फॉर्म मागितला, एकटीच्या नावाचा. काकांनी विचारलं, "आता हे कशाला?"

"चार घरचे पैसे आता त्यात," मावशी म्हणाली. "तुम्हाला लागले तर मागा."

नॉमिनीच्या रकान्यात तिने मुलीचं नाव घातलं.